उपग्रहाची शिदोरी

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात जयप्रकाश नारायण यांच्या नावाने वसलेली जे. पी. नगर ही मोठी वसाहत आहे. तेथील एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून सभोवार नजर टाकली, तर घरोघरच्या छपरांवर उन्हाकडे तोंड करून बसविलेली पाणी तापविण्याची सौरयंत्रे दिसतात. काही छपरांवर वीज निर्माण करणारे निळसर काळे पट्टही दृष्टीस पडतात. याच घरांत जिन्याखाली किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात इन्व्हर्टर आणि त्याची जड बॅटरी ठेवलेली असते. गावातील वीज गेली की ही बॅटरी दिवा आणि पंखा चालविते. दोनचार वर्षांनी ती थकते. मग दुकानातून कारागीर येतो, बुचे उघडतो, आतील आम्लाची घनता काचेच्या नळीने मोजतो, शुद्ध पाणी घालतो, आणि ती आणखी किती दिवस टिकेल हे घरमालकाला सांगून टाकतो. घनता १.२६ च्या आसपास असेल तर घट भरलेला आणि १.१२ पर्यंत उतरली असेल तर रिकामा, हे त्याचे साधे शास्त्र. त्यातूनही शंका उरली तर बॅटरी बदलून टाकावी, खर्च होतो पण प्रश्न मिटतो.

याच शहरात अशाही बॅटऱ्यांची काळजी वाहिली जाते, की ज्यांचे बूच कोणालाही उघडता येत नाही, ज्यांना पुन्हा हात लावता येत नाही, आणि ज्या बदलून टाकणे ही तर कल्पनाच नको. त्या भूपृष्ठापासून काही शेकडो किलोमीटर, किंवा सुमारे ३६,००० किलोमीटर अंतरावर, उपग्रहांच्या पोटात बसविलेल्या असतात. त्यांची प्रकृती कशी आहे, त्यांत किती बळ उरले आहे, आणि त्यांना वीज पुरविणारे सौरपट्ट किती झिजले आहेत, याचा अंदाज जमिनीवर बसून घ्यावा लागतो. हा अंदाज कसा घेतात, आणि तो चुकला वा बरोबर ठरला तर त्याचे परिणाम काय होतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

उपग्रहाचे अन्न म्हणजे सूर्यप्रकाश. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॉट इतके सौरतेज पडते. सौरघट त्यातील काही भागाचे विजेत रूपांतर करतात. पूर्वीचे सिलिकनचे घट जेमतेम दहा-बारा टक्के तेज पदरात पाडून घेत असत, तर आजचे तीन थरांचे घट तीस टक्क्यांच्या जवळपास पोचले आहेत. परंतु उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला की हे अन्न एकाएकी बंद होते. तेवढ्या अंधारापुरती शिदोरी म्हणून बॅटरी बरोबर घ्यावी लागते. उजेडात ती भरायची आणि अंधारात सोडून खायची, असा हा संसार आहे.

या दोन्ही गोष्टींची गरज अवकाशयुगाच्या अगदी आरंभीच कळून चुकली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशात गेलेल्या स्पुटनिकजवळ केवळ बॅटरी होती. तीन आठवडे त्याचा आवाज जगाने ऐकला आणि मग बॅटरी संपताच तो मुका झाला. पुढच्या वर्षी, १७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेने व्हॅनगार्ड नावाचा एक चिमुकला उपग्रह सोडला. त्याचा बॅटरीवर चालणारा प्रक्षेपक त्याच वर्षीच्या जून महिन्यात थांबला, पण सौरघटांवर चालणारा दुसरा प्रक्षेपक १९६४ पर्यंत बोलत राहिला. एकाच उपग्रहाच्या या दोन कंठांनी सारा धडा दिला. नुसती शिदोरी फार काळ पुरत नाही, तिच्या जोडीला रोजची मिळकत हवी. आणि नुसती मिळकतही पुरत नाही, कारण अंधार चुकत नाही.

हा अंधार सर्व उपग्रहांच्या वाट्याला सारखा येत नाही. जमिनीची छायाचित्रे घेणारे उपग्रह कमी उंचीवरून फिरतात. सुमारे शंभर मिनिटांत त्यांची एक प्रदक्षिणा पुरी होते, आणि त्यांतील अर्ध्या तासाहून थोडा अधिक काळ सावलीत जातो. म्हणजे त्यांच्या दृष्टीने एका दिवसात चौदा-पंधरा रात्री होतात आणि वर्षाकाठी पाच हजारांहून अधिक. तितक्याच वेळा बॅटरी रिकामी करायची आणि तितक्याच वेळा भरायची. असे हाल सोसायचे तर तिच्यातील वीज फार खोलवर काढून चालत नाही. वीस-तीस टक्क्यांवर हात आखडता घ्यावा लागतो.

दूरदर्शनचे कार्यक्रम वाहून नेणारे आणि ढगांवर नजर ठेवणारे इन्सॅट मालिकेतील उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३६,००० किलोमीटरवर असतात. त्यांना वर्षातील बहुतेक दिवस रात्र अशी नसतेच. फक्त दोन विषुवदिनांच्या आगेमागे सुमारे पंचेचाळीस दिवसांचे दोन छायाकाळ येतात. पहिला फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, आणि दुसरा ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. मराठी माणसाच्या पंचांगात सांगायचे, तर एक होळी-पाडव्याच्या सुमारास आणि दुसरा गणेशोत्सव-नवरात्राच्या सुमारास. या काळात रोज मध्यरात्रीच्या आसपास उपग्रह सावलीत जातो. आरंभी काही मिनिटेच, मग वाढत वाढत विषुवदिनी सुमारे ७२ मिनिटे, आणि पुन्हा कमी कमी. वर्षाला नव्वद आणि पंधरा वर्षांच्या आयुष्यात तेराशे-चौदाशे रात्री, एवढाच त्याच्या बॅटरीचा हिशेब. रात्री थोड्या म्हणून त्या खोलवर उपसता येतात. पण थोड्या असल्या तरी प्रत्येक रात्र निभावलीच पाहिजे.

भारतात या विद्येचा श्रीगणेशा बंगळूरच्या उत्तरेकडील पीण्या या औद्योगिक वसाहतीत झाला. १९७२ पासून प्रा. उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली तेथील साध्या शेडींमध्ये तरुण अभियंत्यांनी पहिला भारतीय उपग्रह बांधला. आर्यभट हा तो उपग्रह १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अग्निबाणाने अवकाशात नेला. सुमारे ३६० किलो वजनाच्या या सव्वीस पैलूंच्या उपग्रहाच्या चोवीस पैलूंवर सौरघट चिकटविलेले होते आणि त्यांची सरासरी शक्ती ४६ वॉट होती. घरातील एका दिव्याइतकी ही वीज! सौरपट्ट आणि बॅटरी सोव्हिएत संघाकडून आलेली होती. पाचव्या दिवशी वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि क्ष-किरण, सौरन्यूट्रॉन व उच्च वातावरण यांचा अभ्यास करणारे तिन्ही वैज्ञानिक प्रयोग थांबले. उपग्रहाचा मूळ सांगाडा मात्र मार्च १९८१ पर्यंत संदेश देत राहिला. पहिल्याच उपग्रहाने असे दाखवून दिले, की अवकाशातील यंत्रे कितीही नाजूक आणि बुद्धिमान असोत, त्यांचे भवितव्य विजेच्या साध्या तारेवर लोंबकळत असते. पीण्यातील त्या कार्यशाळेचे पुढे मोठे उपग्रह केंद्र झाले, आणि २०१८ मध्ये त्याला प्रा. राव यांचे नाव देण्यात आले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू या. जिला हात लावता येत नाही त्या बॅटरीची नाडी पाहायची कशी?

उपग्रह आपल्या प्रकृतीची वार्ता सतत जमिनीकडे पाठवीत असतो. तिला दूरमापन म्हणतात. बॅटरीपुरते बोलायचे तर त्यात व्होल्टमधील दाब, अँपियरमधील प्रवाह आणि तापमान ही तीन मापे मुख्य असतात. यांतील पहिल्या मापावर भोळा विश्वास टाकला तर हमखास फसगत होते. घरच्या इन्व्हर्टरचाही अनुभव असाच असतो. जुनी बॅटरी रात्रभर भारावर ठेवली की सकाळी तिचा दाब नव्या बॅटरीइतकाच भरतो. वीज गेल्यावर पंखा चालू केला, की मात्र पाचदहा मिनिटांत दाब कोसळतो. विश्रांतीतील दाब हा माणसाच्या चेहऱ्यावरील तजेल्यासारखा आहे. खरी ताकद डोक्यावर ओझे दिल्यावरच कळते.

सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे बॅटरी पूर्ण भरावी, मग पूर्ण रिकामी करावी, आणि किती वीज निघाली ते मोजावे. जमिनीवरील प्रयोगशाळेत असेच करतात. पण आकाशात काम करीत असलेल्या उपग्रहावर हा प्रयोग करणे म्हणजे जगण्याची परीक्षा घेण्यासाठी माणसाला उपाशी ठेवण्यासारखे आहे. शिवाय प्रत्येक खोल उपशाने बॅटरीचे आयुष्य थोडे खर्च होते. म्हणजे परीक्षा हीच झीज. म्हणून रोजच्या व्यवहारातूनच, तिला त्रास न देता, अप्रत्यक्ष खुणा वाचाव्या लागतात.

पहिली खूण जमाखर्चाची. अंधारात किती अँपियर-तास वीज बाहेर गेली आणि उजेडात किती परत आत गेली, याची नोंद ठेवतात. आत गेलेली वीज नेहमीच थोडी अधिक असते, कारण काही भाग उष्णतेत जातो. हे प्रमाण वाढू लागले तर बॅटरी पूर्वीपेक्षा अधिक खाते आणि पूर्वीइतकेच काम करते असा अर्थ होतो. दुसरी खूण अंधाराच्या शेवटच्या क्षणाची. उपग्रह सावलीतून बाहेर पडण्याच्या ऐन वेळी दाब किती उतरला होता, हा आकडा वर्षानुवर्षे टिपून ठेवतात. तेवढीच रात्र, तेवढाच भार, आणि तरी यंदाचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा खाली आला, तर वार्धक्य सुरू झाले असे समजावे. तिसरी खूण आतील विरोधाची. भार एकदम वाढला की दाब किती दचकतो ते पाहायचे. दाबातील फरकाला प्रवाहातील फरकाने भागले की आतील विरोध मिळतो. वय वाढते तसा तो वाढतो. चौथी खूण घटांतील फुटीची. बॅटरी म्हणजे एका माळेत ओवलेले अनेक घट. सगळे एका चालीने चढत-उतरत असतील तर घर सुखी. एखादा घट इतरांआधी भरू लागला आणि इतरांआधी रिकामा होऊ लागला, तर तोच सर्वांना खाली ओढणार हे ओळखावे. साखळीची ताकद तिच्या सर्वात अशक्त कडीइतकीच असते, हा न्याय येथे अक्षरशः लागू पडतो.

बॅटरीच्या जातीनुसार या खुणांचे महत्त्व बदलते. आरंभीच्या उपग्रहांत निकेल-कॅडमियमचे घट असत. त्यांना एक चमत्कारिक खोड होती. रोज थोडीच वीज काढली, तर तेवढीच आपली मर्यादा आहे असे जणू त्यांना वाटू लागे, आणि त्यापुढे दाब ढासळे. म्हणून छायाकाळ सुरू होण्यापूर्वी त्यांना सावकाश तळापर्यंत रिकामे करून पुन्हा भरीत. आखाड्यात उतरण्याआधी मल्लाने अंग मोकळे करावे, तसाच हा प्रकार. नंतर निकेल-हायड्रोजनचे घट आले. त्यांत हायड्रोजन वायू साठत असल्याने वायूचा दाब मोजला की घट किती भरला आहे ते थेट कळे. कारागिराच्या काचेच्या नळीसारखे हे सोपे साधन होते. आजचे लिथियम-आयन घट वजनाला हलके आणि साठ्याला मोठे. पण ते काठोकाठ भरून ठेवलेले आवडत नाहीत, उष्णता सोसत नाहीत, आणि वाजवीपेक्षा अधिक भरले तर घातक ठरतात. म्हणून छायाकाळ नसेल तेव्हा त्यांना अर्धवट भरून थंड जागी ठेवतात, आणि प्रत्येक घटावर स्वतंत्र नजर ठेवतात.

सौरपट्टांची परीक्षा वेगळ्या प्रकारची. त्यांना मारणारे शत्रू अनेक. पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांतील इलेक्ट्रॉन व प्रोटॉन, सूर्यावरील स्फोटांतून येणारे कण, काचेचे पातळ आवरण काळवंडून टाकणारे जंबुपार किरण, सूक्ष्म अशनी, आणि दर छायेत शून्याखाली शंभर अंशांच्याही पलीकडे गारठून पुन्हा तापण्याने सांध्यांवर पडणारा ताण. या साऱ्यांमुळे पट्टाची शक्ती वर्षागणिक घटत जाते. ती किती घटली हे मोजणे मात्र वाटते तितके सरळ नाही, कारण सूर्य स्वतःच वर्षभर सारखे तेज देत नाही. पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्याच्या सर्वात जवळ आणि जुलैच्या आरंभी सर्वात दूर असते. एवढ्यानेच तेजात सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो. भूस्थिर उपग्रहाच्या पट्टावर दोन्ही अयनदिनांच्या सुमारास किरण साडेतेवीस अंश तिरपे पडतात, त्यामुळे आणखी आठ टक्के कमी. ही दोन्ही कारणे जूनमध्ये एकत्र येतात. मार्चचा आकडा जूनच्या आकड्याशी ताडून पाहणाऱ्या नवशिक्याला पट्ट मोडकळीस आला असे वाटेल. जाणकार मात्र यंदाचा जून गेल्या जूनशी ताडतो. त्यापूर्वी सूर्याचे अंतर, किरणांचा कोन आणि पट्टाचे तापमान यांचा हिशेब वजा करतो. मग जे उरते ते खरे वार्धक्य.

आणखी एक अडचण आहे. पट्ट जेवढी वीज देऊ शकतो तेवढी सगळी नेहमी घेतली जात नाही. जादा वीज बाजूला वळवून टाकावी लागते. म्हणून वापरलेली वीज म्हणजेच मिळकत असे समजून चालत नाही. वापरलेली, बॅटरीत गेलेली आणि वळवून टाकलेली, अशा तिन्ही रकमांची बेरीज करावी तेव्हा पट्टाची खरी ऐपत कळते. हिशेबनीस ज्याप्रमाणे केवळ खर्चाच्या वहीवरून घराची सांपत्तिक स्थिती ठरवीत नाही, तसेच हे आहे.

अशा आकड्यांचा आलेख काढला, की दोन प्रकारच्या रेषा दिसतात. एक हळूहळू उतरत जाणारी घसरण. ती वयाची. तिचा अंदाज उपग्रह बांधतानाच केलेला असतो आणि तेवढे जादा सौरघट आधीच लावलेले असतात. दुसरी पायरीसारखी एकदम खाली येणारी. ती अपघाताची. एखादी तार तुटली, एखादी घटमाला निकामी झाली, पट्ट फिरविणाऱ्या सांध्यात विघ्न आले. घसरण दिसली तर धीर धरावा आणि पुढचा हिशेब मांडावा. पायरी दिसली तर त्याच घटकेला निर्णय करावा. परीक्षकाची खरी कसोटी लागते ती लहानशी पायरी घसरणीत लपलेली असते तेव्हा.

भारतीय उपग्रहांच्या इतिहासात अशा पायऱ्या अनेक आल्या. १९ जून १९८१ रोजी सोडलेल्या अ‍ॅपल या प्रायोगिक दळणवळण उपग्रहाचे बैलगाडीवर ठेवलेले छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. आकाशात गेल्यावर त्याच्या दोन सौरपट्टांपैकी एक उघडलाच नाही. निम्म्या मिळकतीत संसार करण्याची पाळी आली. तरीही विजेची काटकसर करून आणि उपग्रहाचे तापमान सांभाळून अभियंत्यांनी तो दोन वर्षांहून अधिक काळ चालविला, आणि आपल्याकडील दळणवळण उपग्रहांच्या पुढील पिढ्यांचे शिक्षण त्याच पांगळ्या उपग्रहावर झाले. जुलै १९८८ मध्ये गेलेल्या इन्सॅट-१सीचे नशीब तितके चांगले नव्हते. वीजव्यवस्थेतील बिघाडाने त्याचे निम्मे ट्रान्सपॉन्डर आरंभीच गेले आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये तो कायमचा गमवावा लागला. जून १९९७ मध्ये सोडलेला इन्सॅट-२डी अवघ्या चार महिन्यांत, ऑक्टोबरच्या आरंभी, विजेच्याच दोषाने हातचा गेला. त्याची जागा भरून काढण्यासाठी आकाशातच असलेला एक अरबी उपग्रह विकत घ्यावा लागला. बँका, शेअरबाजार, दूरध्वनी यांचे व्यवहार उपग्रहावर विसंबून राहू लागलेला तो काळ होता. वरची एक तार जळली की खालच्या हजारो कचेऱ्यांचा संपर्क तुटत असे.

या सर्वांत इन्सॅट-४बीची कथा विशेष विचार करण्याजोगी आहे. मार्च २००७ मध्ये गेलेल्या या उपग्रहाच्या दोन सौरपट्टांपैकी एकाच्या वीजपुरवठ्यात जुलै २०१० मध्ये दोष उत्पन्न झाला. चोवीस ट्रान्सपॉन्डरांपैकी निम्मे बंद करावे लागले. घरोघरचे दूरचित्रवाणीचे पडदे रिकामे झाले, वाहिन्यांना दुसऱ्या उपग्रहांवर हलवावे लागले, आणि साहजिकच टीकाही झाली. पण जे निम्मे बंद केले त्यामुळेच उरलेले निम्मे वाचले. हा उपग्रह पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ जगला आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याला रीतसर निवृत्त करण्यात आले. उरलेल्या शक्तीचे मोजमाप खरे होते आणि ते कबूल करण्याचे धैर्य होते, म्हणून हे घडले. सर्वच सेवा चालू ठेवण्याच्या लोभाने बॅटरी रोज थोडी अधिक उपसली असती, तर पुढच्याच एखाद्या छायाकाळात सारा उपग्रह अंधारात गेला असता.

पृथ्वीपासून दूर गेलेल्या यानांची शिदोरी तर अधिकच जपावी लागते. मंगळाजवळ सूर्याचे तेज पृथ्वीजवळच्या निम्म्यापेक्षाही कमी. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघून २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोचलेल्या मंगळयानाचे तीन पट्ट मिळून तेथे सुमारे ८४० वॉट वीज देत, आणि त्याजवळ ३६ अँपियर-तासांची एकच लिथियम-आयन बॅटरी होती. ती सुमारे एक तास चाळीस मिनिटांच्या छायेला पुरेल अशा बेताने केलेली होती. २०१७ साली आठ तासांपर्यंतच्या छाया येणार हे गणिताने आधीच दिसले. तेव्हा जानेवारीत इंजिन चालवून, जवळचे बरेचसे इंधन खर्च करून, यानाची कक्षा बदलण्यात आली आणि ते संकट टाळले. सहा महिन्यांच्या बोलीने गेलेले यान अशा रीतीने साडेसात वर्षे टिकले. एप्रिल २०२२ मध्ये मात्र लागोपाठ छाया आल्या, त्यांतील एक साडेसात तासांची होती, आणि त्यानंतर यानाशी संपर्क झाला नाही. इंधनही संपले असावे आणि त्यामुळे पट्ट सूर्याकडे वळविता आले नसावेत, असे इस्रोने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर केले. इंधन आणि वीज ही दोन वेगळी खाती खरी, पण एकाची तूट दुसऱ्याने भरून काढताना दोन्ही हळूहळू रिती होत जातात, हे यातून दिसते.

चांद्रयान-३ ची गोष्ट ताजी आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेला विक्रम आणि त्याच्यासोबतचा प्रज्ञान यांची बोली चंद्रावरच्या एका दिवसाची, म्हणजे पृथ्वीवरच्या चौदा दिवसांची होती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मावळण्यापूर्वी त्यांच्या बॅटऱ्या भरून, संदेश ऐकणारे यंत्र चालू ठेवून, त्यांना झोपविण्यात आले. पुढची पहाट २२ सप्टेंबरला झाली. हाक मारून पाहिली, ओ आली नाही. पण काम आधीच पुरे झाले होते, आणि मिळालीच असती ती जोड ठरली असती. आपली शिदोरी किती हे ठाऊक असणाऱ्यांनी पहिल्या दिवसातच सारी कामे उरकली होती, म्हणून त्या न आलेल्या उत्तराचे दुःख मर्यादित राहिले.

प्रकृतीच्या परीक्षेला आणखी एक बाजू आहे, आणि ती अखेरच्या दिवसांची. थकलेला उपग्रह तसाच सोडून दिला, तर त्याचे सौरपट्ट बॅटरीला वीज देतच राहतात. देखरेख सुटलेली बॅटरी कधीतरी तापते, फुगते आणि फुटते. ३ फेब्रुवारी २०१५ रोजी वीस वर्षांच्या एका अमेरिकी हवामान उपग्रहाच्या वीजव्यवस्थेचे तापमान एकाएकी चढले, उपग्रह फुटला, आणि त्याचे तुकडे इतर उपग्रहांच्या वाटेवर पसरले. पुढे तपासात बॅटरीला वीज भरणाऱ्या तारांतील दोष उघड झाला. म्हणून निवृत्तीच्या वेळी उरलेले इंधन काढून टाकणे, बॅटरी सौरपट्टांपासून तोडणे आणि ती रिकामी करणे हा आता शिष्टाचार ठरला आहे. पण हे करण्यासाठी थोडी वीज आणि थोडे इंधन उरलेले असावे लागते. शेवटचा कणही सेवेत खर्च केला तर सभ्यपणे निरोप घेण्याची ताकद राहत नाही. म्हणजे केव्हा थांबावे हे बरेच आधी ठरवावे लागते. तेव्हा उपग्रह अजून चांगला चालत असतो, वापरणारे समाधानी असतात, आणि बंद करा म्हणणारा एकटा पडतो.

येथे हा विषय केवळ अभियंत्यांचा राहत नाही. धरणाची भिंत, पुलाचा खांब, आगगाडीचा रूळ, दवाखान्यातील यंत्र, गावाची पाण्याची टाकी, अशा सार्वजनिक मालमत्तेचे स्वरूप थोड्याफार फरकाने असेच असते. त्या रोज काम देतात, म्हणून त्या ठीक आहेत असे मानण्याची सवय लागते. काम देण्याची शक्ती आणि राखीव शक्ती यांतील भेद कोणाच्या लक्षात येत नाही. उपग्रहाची बॅटरी निम्मी झाली तरी लहान रात्रींत पूर्वीसारखीच चालते. दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या प्रेक्षकाला काहीच फरक जाणवत नाही. फरक कळतो तो विषुवदिनाच्या बहात्तर मिनिटांच्या रात्री. त्या रात्रीसाठी वर्षभर आकडे टिपून ठेवणारा, घसरण कोणती आणि पायरी कोणती हे ओळखणारा, आणि अप्रिय असले तरी वेळेवर सांगणारा माणूस हवा असतो. त्याच्या कामाचे यश दिसत नाही, कारण ते यश म्हणजे काहीही न घडणे. किनाऱ्यावरच्या कोळ्याला वादळाची सूचना वेळेवर मिळते, तेव्हा त्याला ढगांचे चित्र घेणारा कॅमेरा कदाचित आठवेल. त्या कॅमेऱ्याला मध्यरात्री वीज पुरविणाऱ्या घटांची आठवण त्याला होण्याचे कारण नाही.

जुनी माणसे लांबच्या प्रवासाला निघताना शिदोरी सोडण्यापूर्वी वाट किती उरली आहे ते पाहत असत. पहिल्या मुक्कामालाच पोटभर जेवणारा प्रवासी शहाणा ठरत नसे, आणि मुक्कामाला पोचूनही गाठोडे न सोडणारा तर त्याहून नाही. उरलेली वाट आणि उरलेली भाकरी यांचा मेळ घालणे हेच त्या शहाणपणाचे सार होते. आकाशात आज फिरत असलेल्या प्रत्येक उपग्रहाबद्दल जमिनीवर कोणीतरी हाच मेळ रोज घालीत आहे. तो हिशेब खरा ठेवणे, आणि हिशेबात जे निघेल त्याप्रमाणे वागणे, एवढ्यावर त्या उपग्रहाचे आयुष्य आणि त्यावर विसंबलेल्या लाखो लोकांची सोय अवलंबून आहे.